वाचकांचे प्रश्न : फ्रीजच्या दारावर टॅग मुका का होतो?

या वेळी सांगली, मिरज, कुपवाड, विटा आणि साताऱ्याहून आलेली काही पत्रे एनएफसी टॅगभोवती, म्हणजे मोबाईल टेकवताच वाचल्या जाणाऱ्या चिपच्या स्टिकरभोवती, फिरत असल्याने ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या उत्तरात जे सविस्तर सांगितले आहे, ते पुढच्या उत्तरांत पुन्हा सांगितलेले नाही. त्यामुळे ती त्याच क्रमाने वाचावीत.

प्रश्न : नव्या घरात दिवे, पंखे, गिझर आणि पाण्याची मोटर मोबाईलवरून चालतील अशी सोय आम्ही करून घेतली आहे. आईला ॲप उघडून त्यात शोधाशोध करणे जमत नाही, म्हणून मी दहा एनएफसी स्टिकर मागवले. मोबाईल टेकवला की काम व्हावे, एवढीच अपेक्षा होती. देवघराच्या लाकडी चौकटीवरचा आणि पलंगाच्या उशाशी लावलेला स्टिकर उत्तम चालतो. मात्र फ्रीजचे दार, स्टीलची ट्रॉली, लोखंडी कपाट आणि ॲल्युमिनियमच्या खिडकीची चौकट येथे लावलेला एकही स्टिकर मोबाईलला सापडत नाही. तोच काढून हातात धरला की चालतो. फ्रीजला आणि कपाटाला रंगाचा थर आहे आणि ॲल्युमिनियमला तर चुंबकही चिकटत नाही, मग असे का व्हावे? (एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : हातात धरल्यावर स्टिकर चालतो, या आपल्याच निरीक्षणाने स्टिकर आणि मोबाईल दोघेही निर्दोष ठरतात. अडचण त्यांच्या मागे असलेल्या पत्र्याची आहे.

एनएफसी स्टिकरमध्ये बॅटरी नसते. त्यात पातळ धातूच्या पट्टीचे काही वेढ्यांचे वेटोळे असते आणि त्याला मोहरीच्या दाण्याहूनही लहान चिप जोडलेली असते. मोबाईलमधील अँटेना म्हणजेही एक वेटोळेच असते आणि ते सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार आवर्तनांचे, म्हणजे १३.५६ मेगाहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. हे क्षेत्र स्टिकरच्या वेटोळ्यातून आरपार गेले की त्यात वीज निर्माण होते, त्या विजेवर चिप जागी होते आणि आपल्यावरचा भार कमी-जास्त करून मोबाईलला उत्तर देते. हा सगळा व्यवहार तीन-चार सेंटिमीटरच्या आत चालतो. पैशांच्या व्यवहाराची कार्डेही याच तंत्रावर चालतात आणि तेथे अंतर कमी असणे हा गुणच मानला जातो.

आता हेच क्षेत्र धातूच्या पत्र्यावर पडले की काय होते, ते पाहू. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे पत्र्यात भोवऱ्यासारखे गोल फिरणारे विद्युतप्रवाह सुरू होतात. त्यांना एडी करंट म्हणतात. हे प्रवाह स्वतःचे उलट दिशेचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात आणि ज्या बदलामुळे ते जन्मले, त्या बदलालाच विरोध करतात. परिणामी पत्र्याला अगदी लागून असलेल्या जागेत, म्हणजे नेमका जेथे आपण स्टिकर चिकटवला आहे तेथे, वेटोळ्यातून आरपार जाणारे क्षेत्र जवळजवळ उरतच नाही आणि चिपला जागे होण्यापुरतीही वीज मिळत नाही. पत्रा लहरींना अडवतो असे पुष्कळ जण समजतात, पण मोबाईल आणि स्टिकर यांच्या मध्ये पत्रा नसून तो स्टिकरच्या पाठीमागे आहे. तेथे राहूनच तो क्षेत्र पुसून टाकतो.

यासाठी धातूला चुंबक चिकटण्याची गरज नाही, त्यातून वीज वाहिली म्हणजे पुरे. घरातले जुने काळे वीजमीटर आठवून पाहा. त्यात सावकाश फिरणारी चकती ॲल्युमिनियमची असे आणि तिला चुंबक चिकटत नसूनही ती याच प्रवाहांच्या जोरावर फिरत असे. आज इंडक्शन शेगडीवर पातेले तापते, तेही मुख्यतः असल्याच प्रवाहांमुळे. त्यामुळे ॲल्युमिनियमची चौकट या बाबतीत फ्रीजच्या दाराइतकीच अडचणीची आहे.

दुसरा परिणाम सुराचा आहे. आपल्या शेजारी मिरजेत सतारी घडतात. सतारीच्या मुख्य तारांखाली असलेल्या तरफेच्या तारा नेमक्या सुरात लावलेल्या असतील, तरच वरची तार छेडल्यावर त्या आपोआप झंकारतात. सूर थोडा जरी चुकला, तरी त्या गप्प राहतात. स्टिकरचे वेटोळे आणि चिपमधील धारित्र (कपॅसिटर) यांची जोडीही अशीच १३.५६ मेगाहर्ट्झच्या आसपास जुळवलेली असते. जवळ धातू आला की वेटोळ्याचे प्रेरकत्व (इंडक्टन्स) घटते आणि त्याचा सूर, म्हणजे ज्या वारंवारतेला ते साथ देते ती, वर चढतो. एक तर क्षेत्र दुबळे झालेले असते आणि जे उरते, त्यालाही स्टिकर साथ देऊ शकत नाही.

रंगाने यात काही फरक पडत नाही. पावडर कोटिंगचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आतबाहेर असतो आणि आपल्याला काही मिलिमीटर अंतर हवे असते. काही फ्रीजच्या दाराला वरून काच असते, पण काचेच्या मागे बहुधा पत्राच असतो. तेथे करून पाहावे आणि मगच ठरवावे.

चाचणी सोपी आहे. स्टिकर काडेपेटीवर ठेवा, काडेपेटी फ्रीजच्या दाराला टेकवा आणि मोबाईल लावून पाहा. तो वाचला गेला, तर दोष पत्र्याचा होता हे नक्की झाले. मग काडेपेटीच्या जागी पुठ्ठ्याचे तुकडे ठेवून अंतर हळूहळू कमी करत जा, म्हणजे आपल्या मोबाईलला किमान किती फट लागते ते समजेल. साधारण पाच मिलिमीटरच्या पुढे बहुतेक स्टिकर बोलू लागतात, पण मोबाईल अगदी टेकवावा लागतो. आमचा आवडता उपाय म्हणजे कॅरमची सोंगटी! ती तीन सेंटिमीटरच्या आसपास रुंद आणि सात ते नऊ मिलिमीटर जाड असते. अडीच सेंटिमीटरचा गोल स्टिकर तिच्यावर जणू मापानेच बसतो. मागे दुहेरी चिकटपट्टी लावली की काम झाले. काळी, पांढरी आणि लाल सोंगटी वापरली, तर कोणती कशासाठी हे आईच्याही सहज लक्षात राहील.

सोंगटीची जाडी नको असेल, तर बाजारात ‘ऑन-मेटल’ किंवा ‘अँटी-मेटल’ या नावाने मिळणारे टॅग घ्यावेत. त्यांच्या पाठीवर फेराइटचा, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडपासून बनवलेल्या एका विशिष्ट द्रव्याचा पातळ थर असतो. फेराइट चुंबकीय क्षेत्राला सहज वाट देते, पण त्यातून वीज सहजासहजी वाहत नाही. त्यामुळे मोबाईलकडून आलेले क्षेत्र पत्र्यात न शिरता या थरातून आडवे जाऊन परत वळते आणि पत्र्यात भोवरे उठण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते. पत्र्यामुळे सूर चढतो, तर फेराइटमुळे तो उतरतो. हे दोन्ही लक्षात घेऊनच अशा टॅगचे वेटोळे जुळवलेले असते. हे टॅग साध्या स्टिकरपेक्षा महाग पडतात आणि फेराइट असले, तरी त्यांचा पल्ला लाकडावरच्या साध्या स्टिकरएवढा होत नाही.

आता थोडे स्पष्ट सांगतो. दहापैकी बहुतेक टॅग धातूवर लावण्याची आपल्याला गरजच नाही. फ्रीजशेजारची भिंत, ओट्याचा ग्रॅनाइट, ट्रॉलीवरच्या कपाटाची प्लायवूडची फळी आणि खिडकीखालची कडप्पाची पट्टी या जागा हातभर अंतरावर आहेत आणि त्यांतली एकही टॅगला त्रास देत नाही. लोखंडी कपाटासारखी जागा तेवढी अडचणीची आहे, तेथे एक सोंगटी लावावी.

प्रश्न : आपण सुचवता तसे ‘ऑन-मेटल’ टॅग मी आधीच घेतले आहेत. वॉशिंग मशीनवर लावलेला टॅग माझ्या मोबाईलवर क्षणात वाचला जातो, पण पत्नीच्या मोबाईलवर तो वाचला जावा म्हणून पाचसहा वेळा घासावा लागतो आणि कधी कधी तरीही काही होत नाही. तिचा मोबाईल माझ्यापेक्षा नवा आहे. (एक वाचक, मिरज)

उत्तर : मोबाईलचे कव्हर काढून पुन्हा प्रयत्न करा, ही पहिली सूचना. गाडीतल्या चुंबकी स्टँडसाठी पुष्कळ जण कव्हराच्या आत लोखंडाची पातळ चकती घालतात. आपण पत्र्यावरच्या टॅगची काळजी घेतली आणि मोबाईलच्या पाठीला दुसरा पत्रा बांधून ठेवला, असा तो प्रकार होतो. पाकिटासारख्या उघडमिटीच्या कव्हरात बँकेचे कार्ड ठेवलेले असले, तरीही अडचण येते, कारण टेकवून पैसे देण्याचे कार्डही १३.५६ मेगाहर्ट्झवरच उत्तर देते आणि दोघे एकाच वेळी बोलू लागले की मोबाईल गोंधळतो.

कव्हरात तसे काही नसेल, तर अँटेना कोठे आहे ते शोधावे. आयफोनमध्ये तो वरच्या कडेला असतो, त्यामुळे मोबाईलचा माथा टॅगला लावावा लागतो; अँड्रॉइड मोबाईलमध्ये तो कॅमेऱ्याजवळ किंवा पाठीच्या मध्यभागी असतो आणि प्रत्येक मॉडेलची जागा वेगळी असते. लाकडावरच्या टॅगचा पल्ला जास्त असल्याने जागा थोडी चुकली तरी चालून जाते, धातूवर ती सवलत मिळत नाही. एक सुटा टॅग टेबलावर ठेवून मोबाईलची पाठ त्यावरून सावकाश फिरवा. जेथे आवाज येतो, तेथे कव्हरावर पेनने खूण करा. ‘घासणे’ मात्र टाळावे. एनएफसीला वाचनासाठी मोबाईल क्षणभर स्थिर लागतो, हलता मोबाईल उलट काम बिघडवतो.

मोबाईलचे वयही पाहावे लागते. २०१८ साली आलेल्या आयफोन एक्सएस आणि एक्सआरपासून पुढचे आयफोन कोणतेही ॲप न उघडता टॅग वाचतात, त्याआधीच्या मॉडेलना हे जमत नाही. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमध्ये एनएफसी सुरू आणि पडदा उघडलेला असावा लागतो. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या पुष्कळ स्वस्त मोबाईलमध्ये एनएफसी मुळातच नसते, पण आपल्या पत्नीच्या मोबाईलवर टॅग अधूनमधून वाचला जातो, त्यामुळे ती शंका येथे उरत नाही.

प्रश्न : माझे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. बिघडलेल्या वायरलेस चार्जरमधून काळी फेराइटची चकती काढून ती साध्या स्टिकरखाली लावली, पण फारसा उपयोग झाला नाही. फेराइटचे चुंबक माझ्याकडे भरपूर आहेत, ते चालतील का? (एक वाचक, कुपवाड)

उत्तर : प्रयोग योग्य दिशेने होता, चकती चुकीची होती. मोबाईलचे वायरलेस चार्जिंग सुमारे १०० ते २०० किलोहर्ट्झवर चालते आणि तेथील फेराइट त्या वारंवारतेसाठी निवडलेले असते. एनएफसीची वारंवारता त्याच्या कितीतरी पट आहे. तेवढ्या वेगाने दिशा बदलणाऱ्या क्षेत्रात त्यातली पुष्कळशी फेराइटे ऊर्जा परत देण्याऐवजी स्वतःच खाऊन टाकतात. १३.५६ मेगाहर्ट्झसाठी बनवलेले फेराइटचे पातळ चिकटपत्र वेगळे मिळते आणि मागवताना त्यावर एनएफसीचा उल्लेख आहे की नाही, हे पाहावे.

चुंबकाचे फेराइट तर आणखी वेगळे. एकदा चुंबकित केल्यावर चुंबकत्व घट्ट धरून ठेवणे हा त्याचा गुण आहे आणि टॅगच्या पाठीला लागते ते फेराइट क्षेत्राच्या प्रत्येक आवर्तनाबरोबर सहज वळणारे असते. एकाच नावाचे हे दोन भिन्न स्वभावाचे नातलग समजावेत. तरीही जाड चुंबकावर टॅग ठेवल्यावर तो वाचला गेला, तर ती किमया अंतराची आहे आणि तेवढे अंतर लाकडाच्या तुकड्यानेही मिळाले असते. काढघाल करण्याजोगा टॅग हवा असेल, तर लाकडी ठोकळ्याच्या एका अंगाला चुंबक आणि दुसऱ्या अंगाला स्टिकर, ही रचना आपल्या वर्कशॉपच्या पत्र्याच्या पेट्यांना चांगली शोभेल; मात्र चुंबक निकेलच्या चकचकीत मुलाम्याचा असेल, तर तो स्वतःच धातू आहे हे विसरू नये.

चिकटपत्र स्टिकरपेक्षा सर्व बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर मोठे कापावे. क्रम पत्रा, मग फेराइट, मग स्टिकर असाच हवा. हे सांगण्याचे कारण असे की फेराइट स्टिकरच्या वरून लावून ‘टॅगला संरक्षण दिले’ असे आम्हाला कळवणारे वाचकही आहेत.

प्रश्न : घराच्या लोखंडी फाटकावर टॅग लावून, मोबाईल टेकवताच विजेचे कुलूप उघडेल असे करता येईल का? फाटकावर दुपारभर ऊन असते आणि पावसाळ्यात ते भिजते. (एक वाचक, सातारा)

उत्तर : करता येईल, पण टॅग फाटकावर नसावा आणि त्याच्या हाती कुलूप देऊ नये.

आधी जागेविषयी. साध्या टॅगमध्ये नेहमी आढळणारी चिप उणे २५ ते ७० अंश सेल्सिअस या मर्यादेत चालण्यासाठी बनवलेली असते आणि एप्रिल-मे महिन्यांत उन्हात तापलेले गडद रंगाचे लोखंड हवेपेक्षा पुष्कळ अधिक तापते. चिपच्या आधी डिंक हार मानतो. साताऱ्याच्या पावसात कागदी स्टिकरच्या थरांत पाणी शिरते आणि एका-दोन पावसाळ्यांत तो सुटतो. या वारंवारतेला पाण्याचा फारसा अडथळा होत नाही, त्यामुळे ओला टॅगही वाचला जातो. बिघाड होतो तो ओल आत गेल्याने. फाटकाच्या बाजूला दगडी किंवा सिमेंटचा खांब असेलच. त्याच्या सावलीच्या अंगाला, इपॉक्सीत बंद केलेला किंवा प्लास्टिकच्या चकतीतला टॅग स्क्रूने बसवावा. धातूचा प्रश्नही तेथेच मिटतो.

आता कुलूप. आपल्या योजनेत टॅग भिंतीवर आहे आणि मोबाईल आपल्या हातात, म्हणजे खरी किल्ली मोबाईल आहे. परक्याने तो टॅग वाचला, तर त्याला एक क्रमांक किंवा पत्ता मिळेल, पण घराची यंत्रणा त्याच्या मोबाईलचे ऐकणार नाही. येथवर ठीक आहे. पण रस्त्याकडेच्या उघड्या जागी आपल्या टॅगवर दुसराच टॅग चिकटवून कोणीही आपल्याला भलत्या संकेतस्थळावर नेऊ शकतो. दुकानांतले क्यूआर कोड बदलून फसवणूक होते, त्यातलाच हा प्रकार. लिहून झाल्यावर टॅग ‘फक्त वाचता येईल’ असा बंद करावा, म्हणजे निदान त्यातील मजकूर बदलता येणार नाही. टॅगचे हे कुलूप कायमचे असते, एकदा लावल्यावर आपल्यालाही ते उघडता येत नाही, तेव्हा मजकूर दोनदा तपासावा.

याच्या उलट रचना, म्हणजे कुलपात वाचक-यंत्र आणि खिशात टॅगची किल्ली, ही अधिक जपून घ्यावी लागते. जी स्वस्त कुलपे टॅगचा फक्त अनुक्रमांक पाहतात, त्यांची किल्ली नक्कल करता येते. दर वेळी नवा सांकेतिक आकडा तयार करणारे टॅग आहेत, एनटॅग ४२४ डीएनए ही त्यांतली एक जात. पण कुलपाची यंत्रणाही तो आकडा पडताळणारी असावी लागते. खांबावरच्या साध्या टॅगने पडवीतला दिवा लावावा किंवा आत घंटा वाजवावी, फाटक मात्र किल्लीने उघडावे, असे आमचे मत आहे.

प्रश्न : फ्रीजवर आम्ही पुष्कळ चुंबकी खेळणी लावतो. त्यांच्यामुळे टॅगमधील माहिती पुसली जाईल का? (एक वाचिका, सांगली)

उत्तर : नाही. जुन्या कार्डांवरच्या काळ्या पट्टीतली माहिती चुंबकाने बिघडत असे, टॅगमधील माहिती चिपच्या स्मृतीत विद्युतभाराच्या रूपात असते. इंडक्शन शेगडीच्या काचेवर मात्र टॅग चिकटवू नये आणि मायक्रोवेव्हमध्ये तो चुकूनही जाऊ देऊ नये.

प्रश्न : स्टीलच्या डब्यांवर टॅग लावून त्यात ‘गहू कधी दळले’, ‘डाळ कधी भरली’ अशा नोंदी मराठीत ठेवायच्या आहेत. डबे गोल आहेत. (एक वाचिका, विटा)

उत्तर : गोल डब्याला टॅग वाकवून लावावा लागतो आणि ते दोन प्रकारे नडते. वेटोळे वाकले की त्याची पकड कमी होते, शिवाय फेराइटचा थर ठिसूळ जातीचा असेल तर वाकवताना तडकतो. झाकणाची सपाट जागा त्यापेक्षा बरी. दुसरा मार्ग म्हणजे टॅग प्लास्टिकच्या तुकड्यावर लावून तो पताकेसारखा डब्याच्या कडीला अडकवणे. पत्र्यापासून तो दूर लोंबत राहिला, तर साधा स्टिकरही चालतो. डब्याच्या आत टॅग टाकू नये, बंद स्टीलच्या आत मोबाईलचे क्षेत्र पोहोचतच नाही.

मराठी नोंदींसाठी जागेचा हिशेब करावा लागतो. एनटॅग २१३ या नेहमीच्या चिपमध्ये वापरण्याजोगी जागा १४४ बाइट असते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर वेगळे आणि त्याची काना-वेलांटी वेगळी, तीन बाइट घेते. त्यामुळे चाळीसएक चिन्हांत नोंद बसवावी लागेल. ‘गहू दळले, १२ जून’ एवढे आरामात मावते. अधिक लिहायचे असेल, तर एनटॅग २१५ मध्ये ५०४ आणि एनटॅग २१६ मध्ये ८८८ बाइट मिळतात. नोंद दर वेळी बदलायची असल्याने हे टॅग बंद करू नयेत.

एवढे सगळे करण्यापूर्वी एकाच डब्यावर महिनाभर प्रयोग करून पाहावा. पिठाच्या हाताने मोबाईल उचलणे किती जणांना रुचते, हे त्यात कळेल. आमच्या घरी हा प्रयोग तीन आठवडे टिकला आणि आता त्या झाकणावर कागदाची चिठ्ठी आहे.